बिनगोटाचा गळा

माझे सासरे उभ्यानं जगले. बर दुबईच्या कापड बाजारात, खाडीपासून जरा आत, त्यांचं शिंप्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मधोमध कापायचं उंच टेबल. शिवणारे कारागीर मशिनीपुढं बसतात, कापणारा मास्तर उभा राहतो. सकाळची नमाज झाली की टेबलाशी उभे राहायचे ते रात्रीच्या नमाजेपर्यंत. दुपारी सगळा बाजार दारं लोटून झोपायचा, तेव्हाही हे खडू घेऊन कापडावर वाकलेले. पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या. मी गरम पाण्याची बादली आणून ठेवायची, ती तशीच गार व्हायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी या माणसात पाहिला.

मी सुरैय्या, माहेर श्रीवर्धनचं. चौसष्ट साली इद्रीस मास्तरांच्या धाकट्या मुलाशी, यूनुसशी, माझं लग्न झालं आणि बोटीनं दुबईला आले. सासू आधीच अल्लाच्या घरी गेली होती, त्यामुळं मला धाकात ठेवायला घरात कोणी नव्हतं, आणि माझ्या जिभेला हाड नाही. दुकानामागं पडदा टाकून केलेली एक खोली म्हणजे आमचं घर. पडद्याअलीकडे मी भाकऱ्या थापायची आणि पलीकडचं सगळं ऐकायची. आता नातवाकडे अल मजाजच्या टॉवरमध्ये राहते. काच बंद असते, बाहेरचं काही ऐकू येत नाही. सांगायला बसले की तो पडदाच पहिला आठवतो.

मास्तरांचं नाव इद्रीस, आणि आमच्यात समजूत अशी की इद्रीस नबी पहिले शिंपी. टाक्याटाक्याला अल्लाचं नाव घ्यायचे. आमचे इद्रीस टाक्याटाक्याला उसासा टाकायचे. तो मोठा नसायचा, नाकातून हवा सोडल्यासारखा. नवीन गिऱ्हाईक घाबरायचं, की आपलं माप काही चुकलं की काय.

या माणसाला एकदा विसावा मिळाला होता, हे मला लग्नानंतर कळलं. त्यांच्या घराण्यात एक रीत होती, तिला ते 'कातर देणं' म्हणायचे. मुलगा कितीही हुशार असो, बापानं कातर दिल्याशिवाय त्यानं कोऱ्या कापडाला कातर लावायची नाही. शिवायचं, काज करायचे, इस्त्री फिरवायची, पण कापायचं नाही. मग बापाला वाटेल त्या दिवशी तो मुलाच्या ओंजळीत मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा घालायचा, त्यावर कातर ठेवायचा, स्वतःच्या गळ्यातली टेप काढून त्याच्या गळ्यात घालायचा. तेव्हापासून मुलगा मास्तर आणि बाप मोकळा.

ती कातर त्यांनी थोरल्याला, याकूबभाईंना, दिली होती. मास्तरांना बसायला म्हणून त्याच दिवशी एक स्टूलही आणलं. दाराशी बसून चहा पीत जाणायेणाऱ्यांना सलाम करणारे इद्रीस मास्तर बाजारानं फार थोडे दिवस पाहिले. याकूबभाई लग्नासाठी गावी, बाणकोटला निघाले. मुंबईला जाणारी लाँच होती. ती खोरफक्कानच्या पुढं वादळात सापडली आणि बुडाली. काही माणसं मिळाली, काही मिळाली नाहीत. याकूबभाई मिळाले नाहीत. त्यांच्या गळ्यात ती टेप होती, शिंप्याला सवय असते. कातर तेवढी मागं दुकानात राहिली होती.

जुम्म्याला मशिदीत गायबाना नमाज झाली, मय्यत समोर नसताना पढतात ती. मास्तर रांगेत उभे राहिले, परत आले, खिळ्यावरची कातर काढली आणि कोणा अरबाचा लग्नाचा कंदुरा, त्यांचा तो पायघोळ झगा, कापायला घेतला. डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले, काय सबर आहे. असेल सबर. मी आले तेव्हा दोन वर्षं उलटली होती, आणि मला जे दिसलं ते गोठलेलं होतं. मुलाचं नाव घरात कोणी घ्यायचं नाही. स्टुलावर कापडाचे तागे रचलेले. आणि मास्तरांनी मासे सोडले होते. बाणकोटचा माणूस, जन्म खाडीच्या काठी गेला, आणि सुरमई तळली की उठून बाहेर जायचा. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या दर्यानं पोरगं घेतलं त्यातलं काही तोंडात घालवत नव्हतं. पण त्या वेळच्या दुबईत मासळीशिवाय ताजं मिळायचं काय? रोज त्यांच्यापुरती वेगळी डाळ रांधताना मी भांडी आपटायची. ती त्यांना ऐकू जात असणारच.

आणखी एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्याकडचं कोणी तिथं वारलं की कफन मास्तर कापायचे. काही जण नुसत्या चादरी घेतात, पण आमच्याकडच्या लोकांना वर कफनीही लागते. लांब पांढरं कापड खांद्यावर दुमडायचं, मधोमध डोकं जाईल एवढा गळा, बाजू उघड्या. सुई लावायची नाही, दुमड नाही, कडेला गोट नाही. गळ्याला कातरीनं इवलीशी चीर द्यायची आणि पुढं हातानं फाडायचं. तो चर्र आवाज पडद्याआड आला की मी तव्यावरची भाकरी उतरवायची आणि विचारायची, कोण गेलं. सगळ्या मुलखातल्या माणसांची कफनं या हातांनी फाडली, आणि स्वतःच्या मुलाची राहून गेली.

आता यूनुसकडे या. माझा नवरा तिशीचा, हात बापासारखा साफ, आणि दुकानात त्याला कापायची परवानगी नाही. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "यूनुसभाई, अजून कच्चे लिंबूच का?" तो हसून न्यायचा आणि रात्री जेवायचा नाही. मी एकदा त्याला सरळच विचारलं, घोडं कुठं पेंड खातंय? तो म्हणाला, "अब्बांच्या मनात आहे, कातर मला दिली म्हणजे भाई मेला असं होईल. मिट्टी मिळाली नाही ना त्याची."

अडुसष्टच्या रमजानआधी त्याचाही धीर सुटला. टेबलाशी जाऊन म्हणाला, "अब्बा, अबूधाबीला एक सिंधी टेलर नवीन शॉप काढतोय. कटिंग मास्टरची पोस्ट देतो बोललाय. ईदचं काम खलास झालं की मी जाईन म्हणतो. सुरैय्याला पण नेईन."

मास्तर खडूनं रेघ मारत होते. रेघ पुरी केली आणि म्हणाले, "इन्शाल्ला."

आमच्या घरात इन्शाल्ला म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. यूनुस परत मशिनीवर जाऊन बसला. मला अबूधाबी नको होती. तिथं तेव्हा वाळू होती, आणि तेलाच्या गोष्टी. पण त्याहून मला या म्हाताऱ्याची भीती वाटत होती. आम्ही गेलो की हा त्या टेबलाशी एकटा उभा राहणार, आणि एक दिवस उभ्याउभ्याच कोसळणार. मी त्यांच्यावर चिडायची खरी, पण माझा जीव होता त्यांच्यावर.

त्याच आठवड्यात सिस्टर आल्या.

खाडीपलीकडं मिशनचा एक लहानसा दवाखाना होता, त्यातल्या या गोऱ्या नर्सबाई. दुबईला येण्यापूर्वी बरीच वर्षं मिरजेकडं काढलेली, त्यामुळं मराठी आमच्यापेक्षा चोख. रविवारी तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या मुलांना धर्माचं शिकवायच्या. काखेत निळ्या लोकरी कापडाचं बंडल होतं.

"मास्तर, पोशाख शिवायचा आहे," त्या म्हणाल्या. "जिवंत माणसासाठी नाही, लाकडी खुंटाळ्यावर टांगायला. मुलांना चित्रं दाखवून मी कंटाळले. इस्राएल लोकांचा पहिला महायाजक होता अहरोन, त्याचे कपडे कसे होते ते आमच्या जुन्या शास्त्रात सगळं दिलंय. तुम्ही त्यांना हारून म्हणता."

मास्तरांचा खडू थांबला. "हारून नबी? मूसा नबींचे भाऊ?"

"तेच. थोरले भाऊ."

"नबीचा पोशाख मी शिवायचा?" मास्तर म्हणाले. मग बराच वेळ कापड चिमटीत धरून पाहिलं. "कोणी घालणार नाही ना?"

"कोणी नाही."

"मग कापड आहे. कापड शिवता येतं."

चहा मी घेऊन गेले आणि पडद्याशीच थांबले. सिस्टर हातवारे करून सांगत होत्या. आत तागाचा अंगरखा आणि चोळणा, त्यावर हा निळा झगा, एकाच कापडाचा, बिनबाह्यांचा. त्याच्या घेराला रंगीत सुताची डाळिंबं आणि सोन्याची घुंगरं, एकाआड एक. त्यावर सोनेरी पट्ट्यांचं एफोद, खांद्यांवरून बांधायचं आखूड वस्त्र. छातीवर चौकोनी ऊरपट, त्यात बारा खडे, एकेका खड्यावर एकेका कुळाचं नाव कोरलेलं. डोक्याला मंदील, कपाळावर सोन्याची पट्टी.

"एवढं कशाला?" मी विचारलं. मला राहवत नाही.

"कारण आत तो आपल्यासाठी जायचा नाही ना, सुरैय्याबाई. सगळ्या लोकांची नावं छातीवर घेऊन देवापुढं जायचा. घुंगरं वाजली की बाहेरच्यांना कळायचं, आपला माणूस आत चालतोय, जिवंत आहे. आणि हे कपडे न घालता आत गेला तर मरण. माणूस तुमच्याआमच्यासारखाच. कपडे चढवले, डोक्यावर तेल ओतलं, की तो याजक."

"बसायला काय होतं तिथं?" मास्तरांनी विचारलं.

सिस्टरांनी जरा विचार केला. "काहीच नाही. दिवा होता, मेज होतं, वेदी होती. बसायला जागाच नव्हती. याजकाचं काम उभ्यानं."

मास्तरांनी एक उसासा सोडला. मला वाटतं, त्या घडीला त्यांना तो पोशाख शिवावासा वाटला.

मग सिस्टरांनी दीक्षा कशी व्हायची ते सांगितलं. आधी सगळ्यांसमोर अंघोळ, मग कपडे, मग तेल. एडक्याचं रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला: ऐकायचं ते देवाचं, करायचं ते देवाचं, चालायचं ते देवाच्या वाटेनं. "आणि शेवटी अर्पणातला वाटा त्याच्या दोन्ही तळहातांवर ठेवायचे. त्यांच्या भाषेत दीक्षेला 'हात भरणं' असंच म्हणतात."

आमच्याकडे पोटुशीची ओटी भरतात, यांच्याकडे पुरुषाचे हात भरत होते तर, असं माझ्या मनात आलं, आणि मग एकदम ती तांदळाची ओंजळ आठवली. मी यूनुसकडे पाहिलं. त्याला ती आधीच आठवली होती. त्यानं मान खाली घातली आणि मशीन अशी जोरात हाकली की सिस्टरांचा पुढचा शब्द ऐकूच आला नाही. मास्तर कातरीकडे बघत होते.

निळं कापड नेमकंच होतं, चुकलं तर दुसरं मिळणार नव्हतं. म्हणून झग्याचा आधी पांढऱ्या लाँगक्लॉथवर कच्चा, म्हणजे नमुना, काढायचं ठरलं. "माप कुणाचं धरू?" असं मास्तरांनी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "चांगला उंच माणूस धरा. तुमच्या अंदाजानं."

डाळिंबं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडीबरोबर नळ्याची यात्रा. निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताच्या गोळ्यांत कापूस भरून मी डाळिंबं वळत बसायची, आणि एकालाही धड डाळिंबाचा आकार येत नव्हता. घुंगरं खाडीपलीकडच्या डेऱ्याच्या बाजारातून आणली, उंटाच्या साजाची होती.

दोन दिवसांनी दुपारी मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. पलीकडं चर्र असा आवाज झाला. मी तवा उतरवला आणि पिठाच्या हातांनीच पडदा सारला.

"कोण गेलं, अब्बा?"

"कोणी नाही. कच्चा काढतोय."

टेबलावर पांढरं कापड पसरलं होतं. खांद्यावर दुमडलेलं, बाजू उघड्या, मधोमध हातानं फाडलेला गळा. यूनुसची मशीन बंद पडली होती आणि तो त्या कापडाकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं. मास्तरांना मात्र काहीच उमजलं नव्हतं. सिस्टरांनी आकार सांगितला होता, हातांना तो आकार ठाऊक होता, हातांनी आपलं काम केलं होतं. त्यांनी तो कच्चा झटकून खुंटीला अडकवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कापड घेतलं.

सिस्टर येईपर्यंत ते पांढरं तिथंच लोंबत राहिलं. दारातून वारा आला की हलायचं. मी झाडलोट करताना त्या बाजूला जात नव्हते. रात्री यूनुस म्हणाला, "काढून ठेवू का?" मी म्हटलं, "हात लावू नकोस." का म्हटलं ते मला सांगता येणार नाही.

सिस्टर संध्याकाळच्या नमाजेआधी आल्या. कच्चा खुंटीवरून काढून त्यांनी दोन्ही हातांनी समोर धरला. "लांबी छान. घेरही. पण मास्तर, गळा असा नाही चालायचा. गळ्याला भोवती विणलेला गोट हवा, चिलखताच्या गळ्याला असतो तसा मजबूत."

"याला गोट नसतो," मास्तर म्हणाले.

"असतो. मुद्दाम सांगितलंय, की फाटू नये."

"याला नसतो, सिस्टर. मी इतकी वर्षं..." आणि तिथं ते थांबले. सिस्टरांच्या हातातल्या कापडाकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. टेबलाची कड धरली. "गलती झाली. कफनी फाडली मी."

सिस्टरांना कळलं असावं. दवाखान्यात त्यांनी अशी कापडं पाहिली होती. त्यांनी कच्चा हळूच टेबलावर ठेवला.

"फाटू नये असं का सांगितलं?" मास्तरांनी विचारलं.

"दुःख झालं की ते लोक अंगावरचा कपडा गळ्यापासून फाडायचे. महायाजकाला मनाई होती."

"आमच्यात सगळ्यांनाच मनाई आहे. गिरेबान फाडायचं नाही." मग म्हणाले, "पोरगं मेलं तरी नाही?"

"पोरगं मेलं तरी नाही. अहरोनची दोन मेली, मास्तर. थोरली दोन. बापाबरोबर त्यांचेही हात नुकतेच भरले होते, अंगावर नवे कपडे होते, आणि वेदीच्या कामाचे पहिलेच दिवस. आत गेली आणि आगीत गेली."

मशीन केव्हाच थांबली होती.

"त्यांचं काय चुकलं?"

"भलताच अग्नी नेला म्हणतात. मला नीट कळलेलं नाही. इतकी वर्षं शिकवतेय, तरी त्या ठिकाणी आले की अडखळते."

"मग हारून नबींनी काय केलं?"

"गप्प राहिले. कपडे फाडू नका, तंबूच्या दारातून हलू नका, अंगावर अभिषेकाचं तेल आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. ते हलले नाहीत. फक्त त्या दिवशी याजकाच्या वाट्याचं मांस त्यांनी खाल्लं नाही. मूसांनी रागावून विचारलं तेव्हा म्हणाले, आज माझ्यावर जे गुदरलं त्यानंतर मी खाल्लं असतं तर देवाला ते आवडलं असतं का? आणि मूसा पुढं काही बोलले नाहीत."

मी पडद्याला धरून उभी होते. रोज त्यांच्यासाठी डाळ चढवताना मी आपटलेली भांडी मला आठवली, आणि जमिनीत जावंसं वाटलं.

मास्तरांनी पांढऱ्या कापडावरून हात फिरवला. मग जे विचारलं ते शिंप्यानंच विचारावं. "ते कपडे पुढं कुणाला गेले?"

"तिसऱ्या मुलाला. एलाजार. अहरोन म्हातारे झाले तेव्हा भाऊ आणि मुलगा त्यांना डोंगरावर घेऊन गेले. तिथं मूसांनी त्यांच्या अंगावरून एकेक कपडा उतरवला आणि मुलाच्या अंगावर चढवला."

"जिवंतपणी?"

"हो. त्यांच्या डोळ्यांदेखत. मग तिथंच ते वारले."

"हलकं वाटलं असेल," मास्तर म्हणाले.

बाहेर हमालाची गाडी खडखडत गेली. मास्तरांनी पांढऱ्या कापडाला वीत लावली, खांद्यापासून खालपर्यंत, एक वीत, दुसरी वीत, आणि शेवटी तळहात कापडावर तसाच ठेवून उभे राहिले.

"यूनुस," ते म्हणाले, "हे याकूबचं माप आहे."

लग्न होऊन आल्यापासून ते नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. यूनुस उठला, पण पुढं यायला धजेना.

"अंदाजानं धरा म्हणाल्या, आणि माझ्या हाताला तोच आठवला." त्यांनी कफनीची घडी घालायला घेतली. कफनाची घालतात तशीच, सावकाश, कुठं सुरकुती राहू न देता. घडी यूनुसच्या हातात दिली. "मशिदीत नेऊन दे. बंदरावर कोणी बेवारस येतो, त्याला लागेल. आपल्या याकूबला तिथं कोणी दिली असेल, नसेल, अल्ला जाणे. त्याची कापून झाली. खलास."

मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सुरैय्या, मूठभर तांदूळ आण. गूळ असला तर बघ."

मी आत गेले. डब्याचं झाकण निघेना, हिसका दिला. निम्मे तांदूळ खाली सांडले. तसेच टाकून बाहेर आले.

यूनुसनं ओंजळ धरली. मास्तरांनी त्यात तांदूळ घातले, गुळाचा खडा ठेवला आणि वर ती कातर ठेवली, जी थोरल्यानं मागं ठेवली होती. टेप गळ्यातून काढताना ती त्यांच्या कॉलरला अडकली. एवढी वर्षं तिथं बसलेली, तिला निघायची सवय नव्हती. मी पुढं होऊन सोडवली. त्यांनी ती यूनुसच्या गळ्यात घातली, दोन्ही टोकं छातीवर सारखी केली, आणि त्यांचे हात तिथंच राहिले.

"निळं तू काप," ते म्हणाले. "गळ्याला गोट दुहेरी लाव. तो फाटून चालायचं नाही."

"अब्बा, अबूधाबी..."

"जायचं असेल तर मास्तर म्हणून जा. राहायचं असेल तर मास्तर म्हणून राहा. मला विचारू नको, मी थकलो."

यूनुसनं निळं कापड टेबलावर पसरलं. सिस्टरांनी एक टोक धरलं, दुसरं मी. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि कातर घातली. त्याच्या हातच्या कातरीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बापासारखाच होता, फक्त मध्ये उसासा नव्हता.

मास्तर दाराकडं गेले. स्टुलावरचे तागे त्यांनी एकेक करून खाली ठेवले. फडक्यानं धूळ झटकली आणि बसले. आधी पाय लांब करून घोट्यांकडे बघत राहिले. मग सिस्टरांना म्हणाले, "आमच्यात गळा फाडायला मना आहे. रडायला मना नाही." आणि गुडघ्यांवर हात ठेवून रडायला लागले. मोठ्यानं, बाजारात ऐकू जाईल असं. समोरच्या दुकानातली माणसं उठून बाहेर आली.

मी कापडाचं टोक सोडून त्यांच्याकडं धावले. जाताना मागं वळून पाहिलं. यूनुसचं तोंड भिजलं होतं आणि कातर अर्ध्या कापडात होती. तिथं मास्तराला थांबता येत नाही, कापड सरकतं. तो तसाच उभा राहून कापत होता.